माझी एकच घंटा

मित्रांनो, रुग्णालयाच्या वॉर्डात शिरल्या शिरल्या नर्सच्या टेबलावर एक काळा, जाडजूड, वायरीचा फोन दिसतो ना? तोच मी. कारखान्यात माझी घंटा तपासणारा कामगार म्हणाला होता, "हा तर मेलेल्यालाही उठवेल!" तेव्हा मला कोण अभिमान वाटला होता! आता त्याच घंटेची लाज वाटते.

तरुणपणी मी रक्तपेढीला हाका मारल्या, डॉक्टरांना भरल्या ताटावरून उठवलं, नातू झाल्याच्या बातम्या आजोबांना दिल्या. सगळे मला कौतुकाने पुसत. मग ड्युटीवर मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचा नियम निघाला आणि घरचे फोनही माझ्यावरच येऊ लागले. घरचे म्हणजे बाई नर्सच्या घरचेच हो! "आई, माझे मोजे कुठायत?" "सूनबाई, प्लंबर आलाय." वॉर्डातल्या ब्रदरला, म्हणजे पुरुष नर्सलाही दोन मुलं होती, पण त्याला कधी फोन आला नाही. सगळ्या नर्सच्या वरिष्ठ मेट्रनबाई म्हणत, "बघा, त्याचं सगळं लक्ष कामात. तुमचा मेला अर्धा जीव घरी!"

मोठ्या सिस्टरना हे फार लागायचं. सलाईन लावण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. वॉर्डचा इन्चार्ज नेमायचा होता. सिस्टर की ब्रदर, एवढंच ठरायचं होतं. ब्रदर भला माणूस. तोच म्हणायचा, "ताई, हक्क तुमचाच आहे." पण मी खणखणलो, की मेट्रनबाईंच्या कपाळाला आठी पडायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका दुपारी मेट्रनबाईंचा राउंड चालू होता. शाळा सुटून गेली होती आणि मी वाजलो. या वेळेचा फोन सिस्टरच्या लेकीचा, ठकीचाच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. "वाजू दे. काहीतरी सापडत नसेल तिला." मी थांबलो, पुन्हा वाजलो, पुन्हा वाजलो. काय करणार? मोजे हरवले तरी तीच घंटा आणि घरात आग लागली तरी तीच. मेट्रनबाई खूश झाल्या. "आज खरं मन लावून काम चाललंय. उद्यापासून इन्चार्ज तुम्हीच!"

थोड्या वेळाने शेजारच्या काकू ठकीला घेऊन आल्या. पोरीच्या हाताला ओला टॉवेल गुंडाळला होता. दूध तापवताना भाजलं होतं.

"आई, मी किती फोन केले गं!"

सिस्टरनी टॉवेल सोडवला आणि मलम लावायला घेतलं. ब्रदरने हळूच विचारलं, "बाळा, बाबांना का नाही केलास?"

"बाबा कामात असतात ना!" ठकी म्हणाली.

मेट्रनबाई टेबलाशी येऊन मटकन बसल्या. "माझाही मुलगा असाच फोन करायचा," त्या सिस्टरना म्हणाल्या. "मी उचलत नव्हते. म्हणून तर मेट्रन झाले."

ठकीचा हात बरा झाला. सिस्टर इन्चार्ज झाल्या. पण अजूनही मी वाजलो, की त्यांचा चेहरा पांढराफटक पडतो आणि मला अपराधी वाटतं.

मित्रांनो, माझी एक विनवणी ऐकाल? तुमच्या बाबांच्या कचेरीतही माझा एक भाऊ टेबलावर बसलेला असतो. दिवसभर बिचाऱ्याला घरचं कुणी हाक मारत नाही. त्याचा नंबर पाठ करा.