मग तो काय बोलला?

संयोगितानं खुर्ची भिंतीला लावली, लॅपटॉपच्या पडद्यावर स्वतःला पाहिलं आणि पुन्हा उठून मागच्या दोरीवरचे टॉवेल काढून आतल्या खोलीत टाकले. आईला तिनं शेजारच्या अंबूबाईंकडे पाठवलं होतं. आबा दूध घालायला संस्थेत गेले होते. थोरला भाऊ ऋतुराज वैरण आणायला कळंब्याच्या रानात गेला होता. घरात कुणी नाही याची खात्री करून तिनं कॉल सुरू केला.

समुपदेशन मानसशास्त्राच्या एम.ए.साठी तिनं गेल्या वर्षीही दोन विद्यापीठांत अर्ज केले होते. दोन्हीकडे लेखी परीक्षेत ती पास झाली आणि दोन्हीकडे मुलाखतीत ती मागे पडली. पुण्यात शिकणाऱ्या मैत्रिणीनं, मोनानं, यंदा तिला फोनवर नीट समजावलं होतं. मार्क सगळ्यांनाच असतात, व्याख्याही सगळ्यांना पाठ असतात. तू स्वतः कशातून गेलीस ते त्यांना ऐकायचं असतं. घरातलं काही असेल तर सांग, असं मोना म्हणाली होती. घरातलं आहे म्हटल्यावर संयोगिताला फार शोधावं लागलं नाही.

समोर दोघं होते. एक तरुण प्राध्यापक आणि एक वयस्कर बाई, आखूड पांढऱ्या केसांच्या. सुरुवातीचे प्रश्न इंग्रजीत झाले आणि संयोगिता दर वाक्याला अडखळत गेली. तेव्हा त्या बाई हसून म्हणाल्या, की मराठीत बोललात तरी चालेल. मग त्यांनी विचारलं, याच क्षेत्रात का यायचंय.

तिनं सांगायला सुरुवात केली. दादा कागलच्या एमआयडीसीत मशीनवर होता. एका सोमवारी तो कामाला गेला नाही आणि मग गेलाच नाही. माडीवरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. अंघोळ नाही, दाढी नाही. आबा म्हणायचे, अंगात आळस भरलाय. आल्यागेल्याला आई त्याला कावीळ झालीय म्हणून सांगायची. असा पावसाळा गेला, दिवाळी गेली.

"एका दुपारी तो माझ्या दारात येऊन उभा राहिला," संयोगिता म्हणाली. "मी परीक्षेचा अभ्यास करत होते. मी पुस्तक मिटलं, त्याला आत बसवलं आणि नुसतं ऐकलं."

दादा दारात आला होता, एवढं खरं होतं. पुस्तक मात्र तिनं मिटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मनोविकृतीचा पेपर होता आणि ती नैराश्याची लक्षणं पाठ करत होती. काय वाचालीस, असं त्यानं विचारलं होतं. तिनं मान वर न करता सांगितलं होतं, की उद्या पेपर आहे, नंतर बोलू. तो जरा वेळ तसाच थांबला आणि मग जिना चढून गेला. परीक्षा संपल्यावर तिला वर जायचा संकोच वाटला. नंतर न जाणंच अंगवळणी पडलं. पुढे एका पहाटे म्हैस विताना अडली, आबांनी खालून हाका मारल्या आणि ऋतुराज आपणहून उतरून आला. तेव्हापासून तो गोठा बघायचा. कागलला परत गेला नाही, आणि झालं ते घरात कुणी पुन्हा बोललं नाही.

"मग तो काय बोलला?" बाईंनी विचारलं.

एवढ्याचीच तयारी तिनं केली नव्हती. तिनं पाण्याचा घोट घेतला.

"म्हणाला, कारखान्यात मशीन बंद पडलं तर सगळे धावत येतात. मी बंद पडलोय, ते कुणाला कळलंच नाही."

बाईंनी चष्मा काढून बाजूला ठेवला. तरुण प्राध्यापकही लिहायचे थांबले. पुढे त्यांनी फारसं काही विचारलं नाही.

कॉल संपल्यावर ती तांब्या भरायला स्वयंपाकघरात गेली. मागच्या दाराच्या पायरीवर ऋतुराज बसला होता. विळा बाजूला ठेवलेला, हात गुडघ्यांवर.

"कवा आलास?"

"मघाशीच. गाडी पंक्चर झाली." तो उठला नाही. "चहा ठेवणार हुतो. म्हटलं, भांडं वाजलं तर तुला त्यांचं ऐकू यायाचं न्हाय. म्हणून हाललोच न्हाय."

संयोगिता माठापाशी उभी राहिली. तांब्या हातातच होता. तो ओरडेल, निदान उठून तरी जाईल, म्हणून ती थांबली. तो तसाच बसून राहिला.

"मशीनचं बरं बोललीस," तो म्हणाला. "मला सुचलं नसतं तसं."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर तिला काहीतरी उत्तर देता आलं असतं. तांब्या माठावर ठेवून तिनं विचारलं,

"दादा, त्या दिवशी तुला काय बोलायचं हुतं?"

त्यानं हात उलटे करून तळवे पाहिले. वैरणीनं कापलेल्या जागी लाल रेघा उठल्या होत्या. तो खरोखर आठवून बघत होता, हे तिला दिसत होतं.

"आता न्हाय आठवत," तो म्हणाला. "बोलायचं हुतं, एवढंच आठवतंय."

मग तो उठला आणि चाक काढायला अंगणात गेला.

पुढच्या आठवड्यात तिनं त्या बाईंना मेल लिहायला घेतला. आपण मुलाखतीत सांगितलं तसं काही घडलं नव्हतं, इतकंच लिहायचं होतं. तिनं ते लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. एकदा ती जिन्यापर्यंत गेली. ऋतुराज वर फोनवर कुणाशी तरी म्हशीच्या व्यवहाराचं बोलत होता, मोठ्यानं, मध्येच हसत. ती परत फिरली. मेल शेवटी तिनं पाठवला नाही.

जूनमध्ये पुण्याच्या विद्यापीठात निवड झाल्याचं कळवलं गेलं. दुसऱ्याचं ऐकून घेण्याची तिची क्षमता मंडळाला विशेष जाणवली, असंही त्यात म्हटलं होतं. आबांनी ते वाक्य चष्मा लावून वाचलं आणि पेढे आणले. अंबूबाई आल्या. आईनं सगळ्यांना पुढच्या सोप्यात बसवलं.

"गेल्या वर्षी घेतलं न्हाय," आई कौतुकानं म्हणाली, "यंदा असं काय सांगितलीस गं त्यांना?"

संयोगितानं हातातला पेढा बशीत ठेवला. सांगून टाकावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात गोठ्यातून आलेला ऋतुराज दाराशी हात पुसत म्हणाला,

"माझं सांगितलं तिनं. मी आजारी हुतो, तवा ही माझ्याजवळ बसायची. ते सांगितलं."

आई त्याच्याकडे बघत राहिली. अंबूबाईंसमोर हा विषय निघाला म्हणून ती गडबडली होती, आणि आठवूनही बघत होती.

"बसायची?" ती म्हणाली. "मला कधी दिसली न्हाय."

"तुला कशी दिसंल?" ऋतुराज म्हणाला. "ताट ठेवून तू लगीच खाली जायचीस."

तो रागानं बोलला नव्हता. गोठ्यात पाणी भरलंय, असं सांगावं तसं त्यानं ते सांगितलं आणि एक पेढा उचलून तोंडात टाकला. आबा पेढ्यांच्या खोक्याचा दोरा बोटाला गुंडाळू लागले. अंबूबाईंनी विचारलं, पुण्याला कधी निघायचं. ऋतुराजच म्हणाला, की तो स्वतः सोडायला जाणार आहे.