कोरडं मीठ

याकोवोसचं पत्र येऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. 'अन्थिमोस, जे झालं ते झालं. माफ केलं, एवढं लिही,' असं त्यात होतं. मी उत्तर दिलं नाही. माझ्यासारख्या पुस्तकांत तोंड खुपसून बसणाऱ्या माणसाला सूड घ्यायची दुसरी रीत येत नाही. ही तरी नीट जमली का, कुणास ठाऊक.

माझा धाकटा भाऊ आर्सेनिस याकोवोसच्या होडीवर कामाला होता. आमच्या मिकोनोसशेजारच्या डेलोस बेटाजवळ वाऱ्याने होडी कलली आणि तो पाण्यात पडला. तो सापडला तेव्हा मनगटाला होडीच्या दोराचा तुकडा होता, टोक सुरीने कापलेलं. याकोवोसने चौकशीत सांगितलं, पोरगा प्यालेला होता, तोल गेला. मग तो अमेरिकेला निघून गेला.

गेल्या उन्हाळ्यात त्याची मुलगी मारूसो मिकोनोसला माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"काका, बाबांचा जीव जात नाहीये. डॉक्टरांनी हात टेकले. आई म्हणते, तुमचा शाप अडकलाय."

"मी कुणाला शाप दिलेला नाही."

"मग सोडवायला काय हरकत आहे?"

आमच्याकडे ज्याचं वाईट झालं तो माणूस पाण्यात मीठ टाकतो, 'हे विरघळतं तसा माझा राग विरघळो' म्हणतो आणि ते पाणी मरणाऱ्याच्या ओठांना लावतात; मग त्याचा जीव सुटतो. मारूसोने पाण्याची बाटली बरोबरच आणली होती. आर्सेनिस जिथे सापडला तिथेच हे व्हावं, असा तिचा हट्ट होता.

धक्क्यावर होडीवाला फ्रांगिस्कोस ओरडला, "मास्तर, आज सूर्य कुठून उगवला? तुम्ही आणि उन्हात?"

मी नेहमीसारखा हसलो. वाटेत माझं मन बरंच निवळलं. इतकी वर्षं झाली, म्हातारा तळमळतोय, मी कोण लागून गेलो?

डेलोसवर मारूसोने दगडी सिंहांचे फोटो काढले.

"इथे पूर्वी मरायलाच बंदी होती ना? बाबा सांगायचे."

"होती. मरायला टेकलेल्यांना समोरच्या बेटावर नेऊन ठेवायचे."

"मग तुमच्या भावाने नियम मोडला म्हणायचा," ती हसून म्हणाली आणि लगेच ओशाळली. मी राग मानला नाही.

उत्तरेच्या खाडीत आर्सेनिस सापडला तो खडक मी तिला दाखवला. त्याच्या खळग्यांत समुद्राचं पाणी सुकून मीठ धरलं होतं. मी ते नखाने खरवडलं. तिने बाटलीचं झाकण काढलं. मीठ माझ्या मुठीत होतं, शब्द ओठांवर होते.

"बाबा अजून हळहळतात," ती म्हणाली. "म्हणतात, गुणी पोरगा होता, फक्त दारूने गेला."

मी हात मागे घेतला.

"आर्सेनिस दारूला शिवत नव्हता. तुझ्या वडिलांनी दोर कापला."

"खोटं आहे!"

"त्यांनाच विचार."

"मरणाऱ्या माणसाला हे विचारू? तुम्ही माणूस आहात की दगड?"

ती होडीपर्यंत रडत गेली. मीठ मी खिशात घातलं.

घरी आल्यावर मी पत्र लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात मी त्याच्या तब्येतीची चौकशी केली होती. तो फाडला. दुसऱ्यात मीच क्षमा मागत होतो, कशाबद्दल ते देव जाणे. तोही फाडला. शेवटी दोनच ओळी ठेवल्या: 'मारूसोला दोराचं खरं सांग. तोवर हे मीठ कोरडं राहील, आणि तू जिवंत राहा.' मीठ मेणकागदात घट्ट बांधलं. वाटेत ओल लागायला नको.

टपाल कचेरीतल्या बाईने पाकीट हलवून पाहिलं.

"आत काय आहे, मास्तर?"

"मीठ."

"अगं बाई! अमेरिकेत मीठ मिळत नाही?"

"हे नाही मिळत."

तिने शिक्का मारला आणि पाकीट थैलीत टाकलं.