पाळण्यातले पाय

इस्पितळाच्या तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या खोलीला लागून, एक लांबट कार्यशाळा आहे. तिथे लुळ्या पायांना आधार देणारे कॅलिपर, पाठीचे पट्टे आणि जाड तळाचे बूट बनतात. चौतीस वर्षं ते काम करणाऱ्या कारागिराला सगळे बूटवाले काका म्हणतात. काकांच्या डाव्या पायातही कॅलिपर होता, स्वतःच्या हातचा. दीड वर्षाचे असताना त्यांना ताप आला, आणि तो उतरला तेव्हा पाय लुळा पडला होता. पोलिओचा विषाणू कण्यातल्या नेमक्या त्याच पेशी मारतो, ज्या पायाला हल म्हणून सांगतात. पाय जागच्या जागी राहतो, त्याला सांगणारं कोणी उरत नाही.

पुढे लशीमुळे पोलिओची मुलं यायची थांबली. काका म्हणायचे, धंदा बसला म्हणून खूश झालेला जगात मी एकटाच असेन.

त्यांची एकुलती एक लेक बाळंत झाली. नात चिंगी अडीच महिन्यांची असताना काकांनी तिला मांडीवर घेतलं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. काकांना ते खरोखरच दिसले. चिंगी त्यांच्या चष्म्याकडे टक लावून बघत होती, हसतही होती, पण दोन्ही पाय बेडकासारखे बाजूला पडले होते. गुडघ्याखाली बोटांनी टिचकी मारली तरी पाय उडेना. जिभेवर बारीक थरथर होती. हजारो पाय हातांखालून गेलेला माणूस. त्यांना आणखी काही विचारायची गरज नव्हती.

लेकीच्या सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडची मुलं सगळीच सुस्त, उशिरा हलतात. जावयानेही मान डोलावली. काकांनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा ती चिडली.

"बाबा, तुम्हाला सगळीकडे पोलिओच दिसतो."

"पोलिओ नाही हा," काका म्हणाले. "पण जागा तीच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामावर न जाता लेकीच्या दारात उभे राहिले आणि दोघींना मेंदू-मज्जासंस्थेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. रक्त तपासलं. काकांचं खरं ठरलं. चिंगीच्या शरीरात एक जनुक नव्हतं, आणि त्याच्यावाचून कण्यातल्या त्या पेशी एकेक करून मरत होत्या. पायांनंतर हात, मग गिळणं, मग श्वास. असं मूल क्वचितच दोन वर्षं काढतं, हे डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मग म्हणाल्या, एका नव्या औषधाची चाचणी आपल्या इस्पितळात चालू आहे, चिंगीला त्यात घेता येईल. औषध म्हणजे एक विषाणू. आतून रिकामा केलेला, आणि त्याच्या पोटात ते हरवलेलं जनुक भरलेलं.

विषाणू हा शब्द ऐकून काकांचा हात आपोआप स्वतःच्या मांडीवर गेला.

काकांनी आधी डॉक्टरीणबाईंना विचारलं, तो नेमका तिथेच जाईल कशावरून? त्या म्हणाल्या, कण्यापर्यंत पोचणारा शोधूनच निवडलाय, आणि हा तिथे जाऊन वाढत नाही, फक्त सामान पोचवतो. काकांनी विचारलं, मेलेल्या पेशी?

"त्या परत येत नाहीत, काका. जिवंत आहेत तेवढ्याच वाचतात. तुम्ही सहा महिने थांबला असतात, तर माझ्याकडे सांगायला फारसं काही उरलं नसतं."

काका लेकीला म्हणाले, "माझ्या वेळी तो न विचारता घरात शिरला. या वेळी आपण बोलावतोय, कामाला. सही कर."

तिने सही केली, संध्याकाळी येऊन तिच्याखाली जावयानेही.

औषध शिरेतून तासाभरात गेलं. बाटलीभर पाणी जावं तसं, काहीच दिसलं नाही. दहाव्या दिवशी मात्र चिंगीला ताप भरला, उलट्या झाल्या, आणि यकृताला सूज आल्याचं रक्तात दिसलं. ते दोन आठवडे काका जेवले ते नावापुरतं. विषाणूवर भरवसा ठेवायला आपणच सांगितलं, हे त्यांच्या मनातून जाईना. डॉक्टरीणबाईंनी स्टेरॉइड वाढवलं आणि सूज हळूहळू उतरली.

औषधानंतर चौथ्या महिन्यात आंघोळीच्या वेळी चिंगीने पाय झाडला आणि आईच्या तोंडावर पाणी उडालं. लेकीने त्याच ओल्या हातांनी कार्यशाळेत फोन केला. वर्षाची होता होता चिंगी आधाराशिवाय बसली. पण काही पेशी औषधाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घोट्यांत जोर नव्हता. काकांनी तिच्या पायांचे प्लास्टरचे साचे घेतले. घोट्याला आधार देणाऱ्या बुटांची पहिली जोडी त्यांना जड वाटली, मोडली. दुसरीही मोडली. तिसरी हातात घेऊन जावई म्हणाला, यात वजन आहे का नुसता आकार?

दरम्यान डॉक्टरीणबाईंनी काकांना लसीकरण केंद्रांवरच्या परिचारिकांसमोर उभं केलं. चौथी शिकलेला माणूस, समोर चाळीस जणी. काकांनी कापडी बाहुली घेऊन दाखवलं: पाय असे पडले तर थांबायचं नाही, बाळ सुस्त आहे म्हणायचं नाही, त्याच दिवशी पाठवायचं. वर्षभरात दोन बाळं वेळेवर आली. दोघांच्याही कागदावर परिचारिकेने लिहिलं होतं, "काकांनी सांगितल्याप्रमाणे पाहिले."

चिंगी सव्वादोन वर्षांची असताना घराच्या भिंतीला धरून चालू लागली, मग भिंत सोडून. परवा लेक तिचे बूट घेऊन कार्यशाळेत आली. उजव्या बुटाचा तळ पुढून पार झिजला होता, चामड्याला भोक पडलेलं.

काकांनी तो बूट दुरुस्त केला नाही. फळीवर सगळ्यांना दिसेल असा ठेवला आणि चिंगीसाठी नवा शिवायला घेतला, एक माप मोठा. कोणी काम घेऊन आलं की आधी तो बूट हातात देतात.

"बघा," म्हणतात, "चालून चालून झिजवलाय."