सोमाजीचा वाटा

कामिनीच्या पत्राला भैय्यालालने उत्तर दिलं नव्हतं. धानाच्या कापणीच्या गडबडीत ते आलं होतं आणि तेव्हापासून देवळीत, चिमणीच्या मागे उभं होतं. त्याची एक कड बाहेर दिसायची. भैय्यालाल जेवायला बसताना तिकडे पाठ करून बसायचा.

पत्र कसलं, चार ओळी. 'काका, बाबांना जाऊन वर्ष होईल. आई वाट्याची वाट पाहते. त्याशिवाय मटण, मासोळी काही तोंडाला लावत नाही. तुम्ही आणणार की नाही, तेवढं कळवा. फोन करू नका म्हणते. फोनमधून फॉरेस्टवाले ऐकतात असं तिला वाटते.'

कामिनी म्हणजे सोमाजीची एकुलती एक पोरगी, वरठीला दिलेली. सोमाजी गेल्यावर तिने आपल्या आईला, धुरपताला, इथल्या सानगडीहून आपल्याकडे नेलं. आणि सोमाजी म्हणजे भैय्यालालचा जन्माचा जोडीदार. दोघांनी मिळून जंगल तुडवलं होतं. कायदा तेव्हाही होता. पण तो रस्त्या-रस्त्याने यायचा आणि हे दोघं धुऱ्याधुऱ्याने, शेतांच्या बांधांवरून जायचे. पुढे पहारे वाढले, गुडघे दुखू लागले, आणि शिकार आपोआप सुटली. रीत मात्र सुटली नव्हती. जोडीतला एक गेला की मागे राहिलेल्याने येत्या हंगामात त्याच्या घरी शिकारीचा वाटा पोचवायचा. घरच्या बाईने तो रांधायचा, पळसाच्या पानावर जंगलाकडे तोंड करून ठेवायचा आणि मग सगळ्यांनी जेवायचं. त्यानंतरच गेलेला माणूस खऱ्या अर्थाने घरातून निघाला, असं धरायचे. सोमाजीच्या बापासाठी सोमाजीच्या काकाने असा वाटा आणलेला भैय्यालालने स्वतः पाहिला होता.

'आणणार की नाही' याला 'हो' लिहायची त्याला छाती होत नव्हती, आणि 'नाही' लिहायची तर त्याहून नव्हती.

धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, आटोपलं. धान निघालेल्या बांध्यांमध्ये लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, हिरवीगार झाली आणि पहाटेच्या वेळी चितळं ती खायला खाली उतरू लागली. हाच तो हंगाम. एका पहाटे भैय्यालालने माळ्यावरून वाघूर काढली. वाघूर म्हणजे अंबाडीच्या दोराचं उंच जाळं. जनावराच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ते दोन झाडांमध्ये ताणायचं. एकाने जाळ्याजवळ दबा धरून बसायचं, दुसऱ्याने लांबून वळसा घालून जनावर हाकत आणायचं. हाकायचं काम सोमाजीचं. बसायचं भैय्यालालचं.

"कुठं जाऊन राहिले?" सीताबाईने अंथरुणातूनच विचारलं.

"लाकडं आणाले."

"लाकडाले जाळं लागते का?"

तो वाघूर खांद्यावर टाकून बाहेर पडला.

त्या हंगामात तो किती वेळा गेला ते त्यानेही धरून ठेवलं नाही. कधी धुकं, कधी रखवालदारांची बॅटरी, कधी नुसतेच खुरांचे जुने ठसे. ते ठसे आज सकाळचे की कालचे हे त्याला कळेना. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, ठसे वाचणारा सोमाजी होता. आपण एवढी वर्षं फक्त जाळं वाहिलं आणि तो दाखवील तिथे बसलो. साठी उलटल्यावर माणसाला आपलं असं काही समजलं की तो कोणाला सांगणार? भैय्यालालने बिडी पेटवली, विझवली आणि घरी आला.

आणि मग ती सकाळ. लाखोरीत कळप उभा होता, उजाडता उजाडता, माना खाली घालून. जंगलात परतायची त्यांची वाट मोहाच्या दोन झाडांमधून होती. भैय्यालालने जाळं तिथे आधीच ताणलं होतं. आता बसावं की हाकावं? बसला तर हाकणार कोण, आणि हाकला तर धरणार कोण? दोन माणसांचं काम एकटा करायला निघालेला माणूस वेडाच. तरी तो निघाला. बोडीच्या, लहान तळ्याच्या पाळीवरून वाकत वाकत वळसा घालून तो कळपाच्या मागे गेला आणि सोमाजी करायचा तसं काठीने झाडाच्या बुंध्यावर वाजवलं. टक, टक. चितळांनी माना वर केल्या. पांढऱ्या शेपट्या उभ्या राहिल्या आणि कळप सुटला, नेमका मोहांच्या दिशेने. पुढचा एक तरणा नर उडी चुकून जाळ्यात आला. दोर ताणले गेले.

"भैय्या, धर!"

आवाज रानभर घुमला. तो भैय्यालालच्याच गळ्यातून निघाला होता. शब्द सोमाजीचे. इतकी वर्षं लांबून हेच तर कानावर आलं होतं, आणि हाकणाऱ्याने काय ओरडायचं ते त्याला दुसरं ठाऊकच नव्हतं. जाळ्याजवळ कोणी भैय्या नव्हता.

तो धावला. धावला म्हणजे काय, धुऱ्यावरून ठेचकाळत गेला. पोचला तेव्हा जाळ्याची खालची एक खुंटी उपटलेली होती, जाळं लोंबत होतं, आणि दोराला लालसर केसांचा झुपका तेवढा अडकला होता. नर सुटला होता. भैय्यालालला आधी बरंच वाटलं. मग तो मोहाच्या बुडाशी खाली बसला आणि त्याला रडू आलं.

"कोण भैय्या गा? कोणाले आवाज देऊन राहिलते?"

मागे भुपेंद्र उभा होता, वनरक्षक. शेजारच्याच गावचा पोरगा, भैय्यालालच्या डोळ्यांदेखत मोठा झालेला. गाडी पांदणीत लावून आवाजाच्या रोखाने आला होता.

"मलेच," भैय्यालाल म्हणाला.

"सोताले?" भुपेंद्रने जाळ्याकडे पाहिलं. "अन् हे मासोळीचं म्हणसान आता. यंदा मासोळ्या झाडावर चढल्या वाटते?"

"नाई. चितळ आलतं. गेलं."

"गेलं म्हणून तुमी घरी जाऊन राहिले, काका. सापडलं असतं तं आज भंडाऱ्याले माझ्यासंग आले असते." तो जाळं सोडवू लागला. "हे मी नेतो. अन् पुन्हा इकडं लाकडालेही दिसू नका."

"सोमाजीच्या हातचं विणलेलं आहे गा."

भुपेंद्रचे हात थोडे थांबले. "सोमाकाका असते तं त्याईच्यापासूनही नेलं असतं," तो हळू म्हणाला आणि जाळ्याची घडी घालून निघून गेला.

भैय्यालाल घरी आला. सीताबाईने आधी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग खांद्याकडे.

"जाळं?"

"गेलं."

तिने पाणी दिलं.

आता तरी पत्र लिहायला हवं होतं. पण 'रिकामा आलो' असं लिहायचं म्हणजे सोमाजीला आपल्या हाताने दुसऱ्यांदा तिरडीवर ठेवायचं, असं त्याला वाटे. त्यापेक्षा गप्प राहावं. धुरपताबाई आपसूक समजून जाईल. बाईमाणूस आहे, दुःख पाहिलेली आहे. न बोलण्यात दया आहे, अशी त्याने मनाची समजूत घातली.

ती समजूतही धड टिकली नाही. एका बाजाराच्या दिवशी तो पिशवीत बकऱ्याचं मटण घेऊन आला, हाडं काढून घेतलेलं.

"कोणासाठी?" सीताबाईने विचारलं.

"वरठीले नेतो म्हणतो. दुपारच्या गाडीनं भंडारा, तिथून आटो."

"बकरा? चितळ म्हणून?"

तो पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिला.

"त्या बाईनं जल्मभर चितळ रांधलं, अन् तुमी तिले फसवसान? अहो, पहिल्या घासाले थुकन तुमच्या तोंडावर." मग तिचा आवाज खाली आला. "सोमाभाऊच्या नावानं खोटं नोका करू बंटीचे बाबा. द्या इकडं."

तिने ते रांधलं. दोघांनी थोडं थोडं खाल्लं, उरलेलं शेजारी दिलं.

होळी जवळ आली. भैय्यालाल घरामागच्या सांदवाडीत वालाच्या वेलीला काटकी लावत होता, तेव्हा सीताबाई हातात फोन घेऊन मागच्या दारात आली. तिचा चेहरा उतरला होता.

"कामिनीचा फोन आलता."

"कायले?"

"धुरपता दर इतवारी मसाला वाटून ठेवते म्हणे. खोबरं, खसखस, सगळं. संध्याकाळपर्यंत पाट्यावर ठेवते, मंग फेकते. पोरगी रडून राहिली होती."

"पण काहून? म्या तं काई कळवलंच नाई."

"म्हणूनच!" सीताबाई दारातच खाली बसली. "एवढं कसं समजत नाई तुमाले? तुमी चूप आहा, म्हणून थे मसाला वाटते."

भैय्यालालने हातातली काटकी खाली ठेवली.

दोन्ही घरांची एक खूण होती. दोघं शिकारीला गेले की इकडे बायका पाट्यावर मसाला वाटून ठेवायच्या. शिकार मिळाली तर हे दोघं आवाज न करता मागच्या दाराने यायचे, कारण चोरीचा मामला. मिळाली नाही तर गल्लीच्या तोंडाशीच मोठ्याने ओरडायचं, 'पाटा धुवा वो!' म्हणजे बायका भाजीला लागायच्या आणि पोरं उपाशी ताटकळत बसत नसत. रिकाम्या हाताची खबर आधी द्यायची, पाणी प्यायच्याही आधी. त्यात लाज धरायची नाही, हे सोमाजी नेहमी सांगायचा. मिळालं तर चूप. न मिळालं तर ओरडून.

आणि तो कापणीपासून चूप होता. धुरपताबाईने त्यावरून काय समजावं? ती दर रविवारी मागच्या दाराकडे पाहत असेल. कामिनी राहते त्या वरठीच्या क्वार्टरला मागचं दार तरी आहे की नाही, कोण जाणे.

"आता फोन लावा," सीताबाई म्हणाली. "मी लावून देतो."

"नाई होणार माझ्याच्यानं. तिचा आवाज आयकला तं तोंडून शब्द नाई निघाचा. लिहतो."

"लिहा मंग. आजच लिहा."

तो लिहायला बसला. पहिल्या कागदावर त्याने गुडघ्यांचं लिहिलं, पहाऱ्याचं लिहिलं, भुपेंद्रचं लिहिलं. वाचून पाहिलं तर ती सगळी आपली वकिली होती. तो फाडला. दुसऱ्यावर सोमाजीबद्दल लिहायला गेला आणि पुढे लिहवेना. शेवटी एवढंच उतरलं:

'कामिनी, हे आईला वाचून दाखव. मोठ्याने वाच. वहिनी, मी गेलो होतो. रिकामा आलो. जाळंही गेलं. यंदा नाही, पुढेही नाही. सोमाला मी वाटा देऊ शकलो नाही. आधीच ओरडायला हवं होतं, ते केलं नाही. पाटा धुवा वहिनी, आणि जेवा. भैय्यालाल.'

सीताबाईने वाचलं, डोळ्याला पदर लावला आणि पाकीट आणून दिलं.

पोस्टासमोर तो बराच वेळ उभा राहिला. उन्हं चढली होती. आत शिक्के मारल्याचे ठोके ऐकू येत होते. धुरपताबाई हे ऐकेल आणि पाटा धुवायला उठेल. मग पाणी वाहून जाईल आणि सोमाजीच्या नावाने करायचं असं घरात काही उरणार नाही. हे आपणच करतो आहोत, दुसरं कोणी नाही. त्याने पाकीट पेटीच्या फटीत सरकवलं, पण बोटं सुटेनात.

मागे एक बाई पासबुक घेऊन आली होती. "टाकता का भाऊ? का वाचून राहिले अजून?"

"टाकतो," भैय्यालाल म्हणाला, आणि टाकलं.