चार वाजेपर्यंत ऐंशी शब्द

मित्रांनो, मी एक जुनी डायरी आहे. माझ्या पुठ्ठ्यावर सोनेरी आकड्यांत २०१७ असे छापले आहे, आणि माझ्यातला एकही शब्द २०१७ मध्ये लिहिलेला नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे तारखांचा घोळ होणार नाही.

माझा जन्म जर्मनीतल्या एका छापखान्यात झाला. माझ्यासारख्याच सहाशे बहिणी माझ्याबरोबर बांधून निघाल्या. सगळ्यांना निळा पुठ्ठा, लाल फीत आणि दर तारखेला एक पान. कारखान्यांना ड्रिल पुरवणाऱ्या एका कंपनीने आम्हाला नाताळच्या भेटीसाठी बनवून घेतले होते. मी मयुरेश सबनीस यांच्या वाट्याला आले. ते नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. त्यांनी मला हातात घेतले, "छान आहे" म्हणाले, आणि पुढच्या मीटिंगची वेळ खिशातल्या फोनमध्ये टिपून घेतली. माझे भवितव्य तिथेच ठरले.

इथल्या भाड्याच्या घरांना तळघरात एकेक जाळीची खोली मिळते. तिला केलर म्हणतात. सबनीसांच्या केलरमध्ये हिवाळी टायर होते, रिकाम्या सुटकेसा होत्या आणि "पुण्याला न्यायचे" असे लिहिलेला एक खोका होता. मी त्या खोक्यात जवळपास सहा वर्षे राहिले. सबनीस कुटुंब तीनदा पुण्याला जाऊन आले. मला कोणी नेले नाही. कोऱ्या डायरीला यापेक्षा वाईट दिवस नसतात, कारण आपण कशासाठी आहोत हे तिला पक्के ठाऊक असते.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये अरुंधती, म्हणजे मयुरेशची बायको, सुटकेस शोधायला खाली आली. तिने मला उघडले, नाकाजवळ नेले आणि स्वतःशीच म्हणाली, "कोरी आहे अजून." सुटकेस तिथेच राहिली. मी वर आले.

वर आल्याबरोबर तिने मला तपकिरी कागदाचे कव्हर घातले. ही तिची शाळेपासूनची सवय. हातात येईल त्या पुस्तकाला आधी कव्हर. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांनाही ती कव्हर घालायची. परत करताना काढायची, घडी करायची आणि पुढच्या पुस्तकाला वापरायची. मित्रांनो, ही सवय लक्षात ठेवा. पुढे सगळे तिच्यामुळेच घडले.

लग्न होऊन इकडे येण्याआधी अरुंधती पुण्याच्या एका दैनिकात पुस्तकांचे पान सांभाळायची. एक पुस्तक, ऐंशी शब्द, शुक्रवारी चार वाजेपर्यंत. चारनंतर पान छपाईला जाई आणि कितीही सुंदर मत असले तरी त्याला जागा नसे. खाली बारीक अक्षरांत तिचे नाव छापून येई. त्याला आता दहा-अकरा वर्षे होऊन गेली होती. इथे तिचे नाव फक्त दारावरच्या बेलच्या पाटीवर होते, आणि तेही नुसते आडनाव.

त्या वर्षी लेक इप्सिता मोठ्या शाळेत गेली आणि अरुंधतीने जर्मनचा वर्ग लावला. वर्गातल्या बाईंनी सांगितले, जे वाचताना पान उलटावेसे वाटेल ते वाचा. गुन्हेगारी कादंबऱ्यांत कायद्याचे शब्द फार. प्रेमकथांत शेवट आधीच ठाऊक. उरल्या भुतांच्या आणि जादूच्या कादंबऱ्या. वाचनालयात नव्या फँटसी आणि भयकथांचे एक कपाट होते. अरुंधती डावीकडून सुरू झाली.

पुस्तक संपले की ती माझ्याकडे यायची. वर पुस्तकाचा कपाटातला नंबर, खाली मराठीत ऐंशी शब्द. "अप्रतिम" हा शब्द वापरायचा नाही आणि गोष्ट सांगत बसायचे नाही, असे तिने पहिल्याच पानावर बजावून ठेवले आहे. काही मते मला पाठ आहेत. एका कादंबरीबद्दल: "भूत चाळिसाव्या पानावर दिसते. पुढची दोनशे साठ पाने त्याला काही काम नाही." एका जाड फँटसीबद्दल: "नकाशा उत्तम. त्यात राहायला माणसे अजून यायची आहेत." आणखी एका मालिकेबद्दल: "ही मुलगी निवडलेली आहे हे पहिल्या पानावर कळते. बाकीच्या मुलींचे काय झाले, हे पाच भागांत कळत नाही." आणि एका कंटाळलेल्या दुपारी: "आजकाल प्रत्येक भूत म्हणजे कोणाचे तरी दुःख असते. दोन-तीनदा ते भिडले. अकराव्यांदा वाटले, एखादे भूत नुसते भूत असू दे."

पण ती फक्त झोडपत नसे. एका नव्या लेखिकेबद्दल तिने लिहिले आहे: "हिला अंधार लिहिता येतो. ही दिवा मालवत नाही. खोलीतली एकेक वस्तू दिसेनाशी करते."

माझ्यात अशी बोलणारी अरुंधती बाहेर मात्र गप्प असे. जर्मन बोलताना ती वाक्याच्या मधोमध थांबायची आणि शब्द शोधायची. तेवढ्यात इप्सिता वाक्य पुरे करून मोकळी व्हायची. बेकरीत, डॉक्टरांकडे, शाळेतल्या पालकसभेत. लेकीच्या मनात काही वाईट नव्हते. तिला आईची अडचण बघवत नसे आणि थोडी घाईही असे. हळूहळू अरुंधतीने वाक्ये सुरू करणेच सोडले. वाचनालयातही ती टेबलाशी न जाता मशीनवरच पुस्तके नोंदवायची.

गेल्या मे महिन्यात तिने एक बारीक पुस्तक वाचले. नेकार नदीवर बोटींना वरखाली नेणारी जलद्वारे आहेत. त्यातल्या एका जलद्वारावर एकटी राहणारी विधवा, हिची ती भयकथा. रोज संध्याकाळी वायरलेसवर एक बोट येत असल्याची सूचना येते. आवाज तिच्या मेलेल्या नवऱ्याचा असतो. बोट कधीच येत नाही. बाई रोज जलद्वाराचे दार उघडते. या पुस्तकापाशी अरुंधतीचा नियम मोडला. माझी अडीच पाने भरली, तरी तिला हवे ते वाक्य सापडले नाही. ते पुस्तक तिने उशाशी ठेवले.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाची मुदत संपत होती. अरुंधतीला दाताच्या डॉक्टरांकडे जायचे होते. ती मयुरेशना म्हणाली, "टेबलावरची चार पुस्तकं जाताना पेटीत टाक. कव्हरं काढ पण." टेबलावर तीन पुस्तके होती आणि चौथी मी. बारीक पुस्तक उशाशीच राहिले होते. मयुरेशनी कव्हरे काढली नाहीत. मी परतीच्या पेटीच्या लोखंडी झडपेतून आत पडले. संध्याकाळी घरी काय झाले ते मला नंतर कळले. ते म्हणाले, "चार म्हणालीस, चार टाकली." ती म्हणाली, "त्यातली एक मी होते."

वाचनालयाच्या लिंडनर बाईंनी सकाळी पेटी उघडली. त्यांनी चारही कव्हरे न फाडता काढली आणि घडी करून बाजूला ठेवली. मला उघडल्यावर त्या थबकल्या. अक्षरे त्यांना कळेनात, पण प्रत्येक पानाच्या माथ्यावरचे नंबर त्यांच्याच कपाटाचे होते. तीन पुस्तके कोणाच्या कार्डावरची ते बघून त्यांनी निरोप पाठवला.

शनिवारी अरुंधती आली. बरोबर इप्सिता होती आणि हातात ते बारीक पुस्तक. लिंडनर बाईंनी विचारले, ही आमच्या पुस्तकांवरची मते आहेत ना? अरुंधतीने मान हलवली. हो म्हणायचे काम इप्सिताने केले. बाईंनी मला परत दिले, बारीक पुस्तक परत आल्याची मशीनवर नोंद केली आणि ते मागच्या गाड्यावर ठेवले. गाड्यावर पाटी होती: बाद.

कपाट भरले आहे, बाईंनी समजावले. दोन वर्षांत तीनदाही कोणी नेले नाही ते पुस्तक निघणार. हे एकदाच गेले आहे.

त्या एकदा नेणाऱ्या वाचकाने माझ्यावरची पकड घट्ट केली. "नाइन," म्हणजे नाही, अरुंधती म्हणाली. मोठ्याने नाही, पण शेजारच्या टेबलावरच्या माणसाने वर पाहिले. मग तिने वाक्य सुरू केले, "हे पुस्तक..." आणि ती अडली.

"छान आहे, असं म्हणायचंय तिला," इप्सिताने जर्मनमध्ये सांगून टाकले.

अरुंधती लेकीकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "छान आहे असं म्हणायचं नव्हतं मला."

लिंडनर बाईंना शब्द कळले नाहीत, पण काहीतरी कळले. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी या कपाटाचे वाचक जमतात, त्या म्हणाल्या. यादी त्या दिवशी पक्की होईल. ज्याला एखाद्या पुस्तकाची बाजू मांडायची असेल त्याने मांडावी. तोवर हे गाड्याच्या कडेला राहील.

घरी जेवताना इप्सिताने जर्मनमध्ये विचारले, मग काय म्हणायचं होतं? उत्तर म्हणून अरुंधतीने मला उघडले आणि वाचायला सुरुवात केली. बेकार भुतापाशी इप्सिता हसली. नकाशापाशी घास अडकला इतकी हसली. मग ड्रॅगनच्या शाळेवरच्या तिच्या आवडत्या मालिकेची पाळी आली. "ड्रॅगन मोठे होतात, वाक्ये लहानच राहतात," असे मी सांगत होते.

"मामा, दास इस्ट गेमाइन," इप्सिता म्हणाली. आई, हा दुष्टपणा आहे.

"दुष्टपणा नाही, चौथा भाग आहे."

"पहिला वाचलास तू?" हे इप्सिताने मराठीत विचारले. रागावली की तिचे मराठी आपोआप बाहेर येते.

अरुंधतीने वाचला नव्हता. मयुरेश पाणी प्यायच्या निमित्ताने उठले. पुढच्या चार दिवसांत तिने पहिला भाग वाचला आणि त्याच पानाच्या तळाशी लिहिले: "पहिला भाग चांगला आहे. अर्धे मत मागे घेते." इप्सिताने ते दोनदा वाचून घेतले, आणि मगच ती मदतीला बसली. दोघींनी मिळून माझ्या एका पानावर जर्मनमध्ये ऐंशी शब्द उतरवले. अरुंधतीची अट एकच होती.

"तिथे मी अडले तरी तू बोलायचं नाहीस."

"किती वेळ?"

"लागेल तितका."

गुरुवारी नऊ माणसे जमली. सफरचंदाचा रस होता आणि चार वेगवेगळ्या प्रकारच्या खुर्च्या होत्या. अरुंधतीने मला दोन्ही हातांत धरले. तिचे अंगठे ओले झाले होते आणि कडेची शाई थोडी पसरली. ते डाग अजून आहेत. पाचव्या ओळीवर ती थांबली. लिहिलेले वाक्य तिला पटेना. तिने मला मिटले, वर पाहिले आणि नवे वाक्य सुरू केले. अर्ध्यावर शब्द गेला.

कोणीतरी खोकले. रसाचा पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. इप्सिताने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते आणि ओठ आत ओढले होते. शब्द तिला ठाऊक होता. तिच्या चेहऱ्यावर तो दिसत होता. ती बोलली नाही.

"ती बाई दार उघडते," अरुंधती अखेर म्हणाली, "कारण बोट खरी आहे की नाही, हे तिला माहीत नाही. आणि ती खोटी आहे, अशी खात्री तिला करून घ्यायची नाही."

अडीच पानांत सापडले नव्हते ते हेच वाक्य होते.

कोपऱ्यातले टोपीवाले आजोबा म्हणाले की आपण चाळीस वर्षे नदीवर काम केले आहे, पुस्तक आत्ताच द्या. लिंडनर बाईंनी नोंद केली आणि म्हणाल्या, दोन झाले. इप्सिता उठली, खिशातून वाचनालयाचे कार्ड काढले आणि टेबलावर ठेवले. आजोबांनंतर मला, ती म्हणाली. बाईंनी संगणकाच्या पडद्याकडे पाहिले. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, त्या म्हणाल्या, "तीन."

त्या दिवशी यादीतली सगळी पुस्तके बचावली नाहीत. बावीस गेली. त्यातली चार अरुंधतीला बरी वाटली होती. पण बारीक पुस्तक आता कपाटात दर्शनी उभे असते. त्याखाली एक कार्ड आहे, ऐंशी शब्दांचे. त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले आहे: अरुंधती सबनीस. आता दर महिन्याला एक कार्ड द्यायचे ठरले आहे. शुक्रवारी, चार वाजेपर्यंत. ही वेळ तिनेच मागून घेतली.

आजोबांचे वाचून झाल्यावर जुलैमध्ये इप्सिताच्या हाती ते पुस्तक आले. तीन दिवसांनी ती स्वयंपाकघरात आली आणि तिने मला मागितले. अरुंधती पोळ्या करत होती. इप्सिता टेबलाशी बसली आणि माझ्या कोऱ्या पानावर देवनागरीत लिहू लागली. रविवारच्या मराठी वर्गात ती दोन वर्षे गेली होती, तेवढ्या भांडवलावर. "आई म्हणते बोट खरी की खोटी माहीत नाही. मला वाटतं," इथवर येऊन पेन थांबले.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी माझी एखादी बहीण पडलेली असेल. तिच्यावरचे वर्ष बघू नका. तिला वर आणा, कव्हर घाला आणि तुमचे खरे मत तिच्यात लिहा. ते चुकले तर तळाशी तसेही लिहा. आणि तुमच्याजवळ कोणी वाक्याच्या मध्यावर थांबले, तर थोडे थांबा. ते वाक्य त्यांचे आहे.

अरुंधती उलथने हातात घेऊन लेकीच्या मागे उभी होती. पुढचा शब्द तिला कळला होता. ती काही बोलली नाही. तव्यावरची पोळी करपली. मग पेन हलले, आणि माझ्या पानावर वाक्य पुरे झाले: "मला वाटतं ते खरंच भूत आहे, आणि त्याला घरी यायचं आहे."