शेवंडांची पोरं उतरवणारा पाइप

मित्रांनो, तांडेलाच्या, म्हणजे बोटीवरच्या म्होरक्याच्या, अंगणात बोटीला टेकून जो काळा, जाडजूड पाइप वेटोळं घालून पडलाय ना, तो मी. येता-जाता तुम्ही मला ओलांडता. कुणी लाथ मारतं, कुणी माझ्यावर बसून चपलेतली वाळू झटकतं. झटका. माझं दुखणं ते नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेलं प्लास्टिक ओढून मला लांब केलं आणि अंगावर वळ्या पाडल्या, बाहेरून आणि आतूनही. वळ्यांमुळं मी वाकतो, पण मोडत नाही. तिथले लोक याला गुण म्हणायचे. याच गुणानं पुढं घात केला.

मला विकत घेतलं ताईनं. ताई म्हणजे शेवंडांची, खडकात राहणाऱ्या त्या मोठ्या काटेरी झिंग्यांची, पोरं वाढवणारी बाई. सगळं बंदर तिला ताईच म्हणायचं, तिच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. बंदराच्या टोकाला तिची पत्र्याची लांबट खोली. आत टाक्या, टाक्यांत समुद्राचं पाणी आणि दिवसभर हवेच्या पंपाची गुरगुर. पूर्वी इथं शेवंडं रग्गड होती. लोकांनी ओरबाडली. लहान बघितलं नाही, अंड्यांवरची मादी बघितली नाही. पिंजरे रिकामे यायला लागले तेव्हा सगळ्यांना अक्कल आली.

पोटाखाली अंडी असलेली मादी सापडली की तांडेल ती विकायचा नाही, ताईला आणून द्यायचा. तो तिचा धाकटा भाऊ. अंडी फुटली की डासाएवढी पोरं टाकीत गिरक्या घेत राहायची. जरा मोठी झाली की प्रत्येकाला वेगळा खण. कारण ही जातच अशी, दोघं एकत्र आले की एक दुसऱ्याला खातो.

"एका खणात दोन ठेवली की भावकी सुरू," ताई म्हणायची. "वाटणी व्हायच्या आत एकच उरतो."

"मग आपण बरे," तांडेल दारातून म्हणायचा. "आपण अजून एकमेकांना खाल्लं नाही."

"तू चावायचास की लहानपणी. वण आहे माझ्या दंडावर, दाखवू?"

तांडेल दारातूनच बोलायचा, कारण त्याला आत यायची बंदी होती. त्याच्या अंगाला डिझेलचा वास. तेलानं ही पोरं मरतात, एवढं ताईनं त्याला बजावलं होतं. साबणानंही मरतात. म्हणून आत साबणाची वडी कधी आलीच नाही. ताई हातसुद्धा नुसत्या पाण्यानं चोळून धुवायची. जो आत जाईल त्याला ती हे आधी सांगायची. तांडेल आत गेलाच नाही, त्यामुळं त्याला साबणाचं कुणी सांगितलंच नाही.

माझं काम सगळ्यात शेवटचं. बोटाएवढी झालेली पोरं वरून समुद्रात टाकली तर तळाला पोचायच्या आत मासे मटकावतात. म्हणून माझं एक तोंड बोटीत आणि दुसरं तळाच्या दगडांत. वरून पोर पाण्याबरोबर सोडायचं, ते माझ्यातून थेट खाली, दगडाच्या फटीशी. पहिल्यांदा मूठभर पोरं सोडून बघितली. माझ्या खालच्या तोंडातून बाहेर पडली, शेपटी मागं सारत फटींत शिरली. एक पोर तर फटीच्या दारात मिशा रोखून बसलं, जणू घर त्याच्या आज्यानं बांधलंय. त्या दिवशी ताईनं माझ्यावर हात फिरवला. म्हणाली, "लाखमोलाचा आहे हा." ते मी अजून जपून ठेवलंय.

मग मोठी खेप ठरली. शेवंड वाढायला वर्षं लागतात. तोवर त्या खडकाळ पट्ट्यात कुणी पिंजरा टाकायचा नाही, असं ताईनं बंदरावरच्या सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. लोक कुरकुरले. पट्टा बंद म्हणजे घरातली चूल अर्धी. ताई म्हणाली, "पोरं मोठी झालेली दिसली नाहीत तर टाक्या मी स्वतः पालथ्या घालीन. पुन्हा नाव काढणार नाही." तांडेल तिच्या शेजारी उभा राहिला. "माझा पिंजरा सगळ्यात आधी उचलतो," म्हणाला. त्याच्या शब्दावर बाकीचेही तयार झाले.

खेपेच्या आदल्या दिवशी तांडेलाच्या बोटीच्या तळात पाणी भरलं. उपसायचा त्याचा पाइप फाटलेला.

"ताई, तुझा दे."

"तो द्यायचा नसतो."

"मग उद्या पोरं काय पोहत नेणार आहेस?"

तिनं मला दिलं. "तेलाचा थेंब आत राहिला तर माझ्याशी गाठ आहे," एवढंच म्हणाली.

बोटीच्या तळातलं तेलकट, काळं पाणी माझ्यातून गेलं. मग तांडेलानं मला अंगणात आडवं घातलं आणि धुवायला बसला. कामचुकार असता तर बरं झालं असतं. पण बहिणीचा धाक, बहिणीवर माया. बादलीभर पाण्यात साबणाची पावडर कालवली, माझ्यात ओतली आणि दोन्ही टोकं धरून मला झोके दिले. पुन्हा ओतली, पुन्हा झोके. फेस बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावर काय समाधान. वरून थोडं पाणी सोडलं आणि मला उन्हात टांगलं. आतल्या वळ्या-वळ्यांत साबण बसून वाळला.

सकाळी ताईनं विचारलं, "धुतलास?"

"दोनदा. हुंगून बघ. तेलाचा वास आला तर नाव बदलीन."

तिनं हुंगलं. तेलाचा वास नव्हताच. "शहाणा आहेस," म्हणाली. कशानं धुतलास, एवढं तिनं विचारलं नाही. मित्रांनो, मला तोंडं दोन आहेत. बोलता एकातूनही येत नाही.

बोट पट्ट्यावर थांबली. ताई एकेक पोर माझ्यात सोडत होती, हळू, बाळाला आंघोळ घालावी तशी. पाण्यानं साबण सुटत गेला. खाली माझ्या तोंडातून पोरं बाहेर पडत होती, ती फटीकडं वळेचनात. उताणी पडायची, पाय झाडायची, मग तेही थांबायचं. मासे जमले. वर बोटीत लोक टाळ्या वाजवत होते. तांडेल म्हणाला, "चला ताई, लेकरं घरी पोचली."

वर्षं गेली. या पोरांचं काय होतं ते दिसेपर्यंत ताईनं पुढची खेप थांबवली होती. लोकांनी शब्द पाळला, पट्ट्यात कुणी गेलं नाही. पोटाला चिमटा घेऊन पाळला. मग ठरल्या वेळी पिंजरे टाकले. रिकामे आले. पुन्हा टाकले, पुन्हा रिकामे. धक्क्यावर सगळे जमले, मीही तिथंच पडलो होतो. जाळी शिवणारा आजोबा म्हणाला, "ताई, तुझी पोरं सासरी गेली वाटतं." लोक हसले. ताईनं भावाकडं बघितलं. तांडेल खाली बघत म्हणाला, "पुरे आता, ताई. समुद्रालाच नको असतील तर आपण काय करणार?"

तिनं टाक्या पालथ्या घातल्या. पंपाची गुरगुर थांबली. पत्र्याच्या खोलीत आता जाळी ठेवतात. पट्ट्यात पुन्हा पिंजरे पडतात, आणि अंड्यांवरची मादी सापडली तर तीही विकतात. विकतील नाही तर काय, नेऊन द्यायची कुणाला? मला तांडेलानं घरी आणलं. बोट धुवायला बरा पडतो म्हणाला.

परवा तो बोट धूत होता. ताई काही कामानं आली. माझ्या तोंडातून पांढरा फेस वाहत तिच्या पायापाशी गेला. ती बघत राहिली.

"खेपेच्या वेळी हा कशानं धुतला होतास?"

"साबणानं," तांडेल म्हणाला. "चांगला दोनदा. तेलाचा डाग राहू दिला नाही मी."

तो हसत होता. त्याला वाटलं, इतक्या वर्षांनी बहीण कौतुक करणार. ताईचा हात दंडावर गेला, जुन्या वणावर. मग ती वाकली, नळ बंद केला आणि निघाली.

"काय झालं गं?"

"काही नाही. पाणी वाया जातंय."

तिनं त्याला सांगितलं नाही. सांगणारही नाही. तो अजून त्या धुण्याची बढाई मारतो, मी ऐकतो.

मित्रांनो, ज्या कामाची वस्तू त्याच कामाला ठेवा. आणि दिलीच कुणाला, तर परत घेताना "धुतली का" एवढ्यावर थांबू नका. कशानं, तेही विचारा. समोर सख्खा भाऊ असला तरी विचारा.