डोळ्यातलं पीठ

झरोक्याचं ऊन बाई जात्यावर टेकलं
हवेतलं पीठ माझ्या मैनानं देखलं

दळताना आई गायची. तो आवाज मैनाबाईला आठवला कुठे, तर भिलाईच्या डोळ्यांच्या दवाखान्यात, मशीनवर हनुवटी टेकवून बसलेली असताना. समोरून लाल उजेडाची बारीक रेघ आली आणि उजव्या डोळ्यात शिरली. ना टोचलं, ना दुखलं.

"हे करते काय वो?"

"हलू नका, काकू," डॉक्टर प्रांजली हसली. "बुबुळासमोर पाणी असते. सूज आली का त्यात बारीक बारीक प्रोटीन उतरते. उजेड त्याच्यावर आपटून पसरते. जितका पसरला तितकी सूज. मशीन तेच मोजून राहिली."

"म्हंजे माह्या डोळ्यात पीठ उडून राहिलं!"

"पीठच समजा." प्रांजलीनं आकडा पाहिला आणि तिचं हसू मावळलं. "सूज उतरायले पाहिजे होती, ही तर वाढली. असंच राहिलं तर या डोळ्याची नजर जाईल. थेंब टाकता ना बरोबर?"

उत्तर नवऱ्यानं दिलं. चिंधूनं रिटायर होईतो प्लांटमध्ये क्रेन चालवली होती. "मी सोता टाकतो, मॅडम. वितळलेल्या लोखंडाची बालटी लोकायच्या डोक्यावरून नेली, एक थेंब सांडू नाही देला. तुमची मशीनच बिघडली असन."

"मशीन ठीक आहे, काका. थेंबानं भागत नसन तर डोळ्याच्या बाजूले सुई द्यावी लागते."

मैनाबाई मशीनकडे बघत राहिली. न दिसणारं दाखवणारं हे ऊन आणखी काय काय दाखवत असेल?

"मॅडम, थेंब आत गेला का नाही, तेही दिसते का याच्यात?"

"नाही, काकू. सूज तेवढी दिसते."

म्हणजे ते कोणीतरी तोंडानंच सांगायला हवं होतं.

रोज सकाळी चिंधू तिला खिडकीपाशी बसवायचा. श्वास रोखून बाटली धरायचा, "हलू नको" म्हणायचा. मग खूश होऊन चहा ठेवायला जायचा. त्याची पाठ वळली की ती पदरानं गाल पुसायची.

आताही बाटली त्याच्या खिशातच होती.

"अजी," ती हळूच म्हणाली, "रागावू नका. तुमचा हात कापते. थेंब गालावर पडते, आन् मी 'गेला' म्हणते."